लग्नाच्या डिस्कमधून व्हिडिओ काढताना: आधी नक्कल, रूपांतर शेवटी

सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्डिंगच्या कोऱ्या ब्लू-रे डिस्क आणि मिनीडीव्ही कॅसेट बनवणे बंद केले आणि त्यांच्या जागी दुसरे काही आणणार नसल्याचेही सांगून टाकले. ब्लू-रेचे आपल्याकडे फारसे कोणाला सोयरसुतक असण्याचे कारण नाही. मिनीडीव्हीचे मात्र आहे, कारण २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत सातारा-सांगली भागातली पुष्कळ लग्ने, मुंजी आणि गावोगावच्या यात्रा याच कॅसेटवर चित्रित झाल्या आणि मग डिस्कवर उतरून घरोघर पोचल्या. कॅसेट बहुधा पुढच्या लग्नाला पुन्हा वापरली गेली आणि घरात उरली ती डिस्क. ती वाचणारा ड्राइव्ह नव्या लॅपटॉपमध्ये नसतो, डीव्हीडी प्लेयर माळ्यावर गेलेला असतो, आणि आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी किंवा आईवडिलांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी पाच मिनिटांची फिल्म करायचे ठरते, तेव्हा घरातल्या एखाद्या कॉलेजकुमाराच्या हाती डिस्कचा गठ्ठा ठेवून ‘यातून काय ते काढ’ असे सांगितले जाते.

या कामात होणारे बहुतेक घोळ दोन वेगळी कामे एकच समजल्यामुळे होतात. डिस्कवरची सामग्री जशीच्या तशी संगणकावर आणणे हे एक काम, आणि तिचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणे हे दुसरे. पहिल्यात काहीही हरवत नाही, दुसऱ्यात दर वेळी थोडेफार हरवतेच. म्हणून पहिले काम आधी उरकावे आणि दुसरे होता होईल तितके लांबवून एकदाच करावे.

हातातली डिस्क कोणती आहे?

बोलताना आपण सगळ्यांनाच ‘लग्नाची सीडी’ म्हणतो, पण डिस्क संगणकात घातली की आत काय आहे ते फोल्डरच्या नावावरून लगेच कळते. ‘एमपेगएव्ही’ नावाचा फोल्डर आणि त्यात ‘डॅट’ शेपटीची मोठी फाइल दिसली तर ती व्हीसीडी आहे. हा १९९३ चा प्रकार असून त्यातले चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे असते. ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर आणि त्यात ‘व्हीओबी’ शेपटीच्या, प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या फाइली दिसल्या तर ती डीव्हीडी आहे. तिचे चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे, म्हणजे व्हीसीडीच्या सुमारे चौपट बारकाव्याचे असते. क्वचित एखाद्या स्टुडिओने डिस्कवर नुसत्या एमपी४ किंवा एव्हीआय फाइली टाकलेल्या असतात. त्या तशाच कॉपी कराव्यात, पुढची निम्मी कटकट वाचते.

दोन्ही प्रकारच्या डिस्क एकाच घरात असतील आणि प्रसंग एकच असेल, तर डीव्हीडीच वापरावी. पाहुण्यांना वाटण्यासाठी स्वस्तातल्या व्हीसीडी आणि घरासाठी डीव्हीडी अशी पद्धत काही वर्षे होती, त्यामुळे आपल्याकडे नसली तरी एखाद्या मामाकडे डीव्हीडी निघू शकते. एक फोन करून पाहावा.

फाइलचे नाव बदलले म्हणजे व्हिडिओ बदलला का?

इथे दोन पारिभाषिक शब्द एकदाच समजून घ्यावे लागतात. चित्र आणि आवाज आटवून कमी जागेत बसवण्याची आणि पाहताना पुन्हा उलगडण्याची जी पद्धत असते, तिला कोडेक म्हणतात. व्हीसीडीत एमपेग-१, डीव्हीडीत एमपेग-२ आणि आजच्या मोबाइलमध्ये मुख्यतः एच.२६४ किंवा त्याची पुढची पिढी, ही कोडेकची नावे आहेत. आटवलेले चित्र आणि आवाज ज्या फाइलमध्ये एकत्र ठेवतात, तिला कंटेनर म्हणतात. व्हीओबी, एमकेव्ही आणि एमपी४ ही कंटेनरची नावे आहेत.

गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला हा फरक चटकन पटेल. गुळाची ढेप पोत्यातून काढून खोक्यात ठेवली तर गुळाला काही होत नाही. कंटेनर बदलणे हे असे आहे. पण तीच ढेप फोडून, पाण्यात विरघळवून पुन्हा काहिलीत आटवली तर जे हाती येते ते पहिल्या गुळासारखे नसते, आणि ताजा रस तर मुळीच नसतो. कोडेक बदलणे हे दुसऱ्यांदा आटवणे आहे.

पहिल्याच वेळी किती आटवलेले असते, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. डीव्हीडीच्या आकाराचे चित्र अजिबात न आटवता साठवले, तर एका तासाला सुमारे ५६ जीबी जागा लागेल. मिनीडीव्ही कॅसेटवर तो तास सुमारे १३ जीबीत बसत असे. साध्या डीव्हीडीची एकूण जागा ४.७ जीबी, आणि तिच्यात स्टुडिओने हळदीपासून पाठवणीपर्यंत तीन तास कोंबले असतील, तर एका तासाच्या वाट्याला दीड जीबीच्या आसपास येते. असा आधीच कमालीचा आटलेला व्हिडिओ कोणीतरी ‘मोबाइलवर चालावा’ म्हणून एकदा बदलतो, दुसरा ‘एडिटिंगला घेता यावा’ म्हणून बदलतो आणि तिसऱ्यांदा तो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. तोवर नवरीच्या शालूची जर म्हणजे नुसते पिवळे डबके झालेले असते.

जसेच्या तसे कसे काढायचे?

यूएसबीला जोडता येणारा डीव्हीडी ड्राइव्ह घ्यावा किंवा कोणाचा तरी मागून आणावा. डीव्हीडी असेल तर सर्वात सुरक्षित उपाय म्हणजे संपूर्ण डिस्कची आयएसओ नावाची एकच मोठी नक्कल फाइल तयार करणे. ‘इमेजबर्न’सारख्या मोफत सॉफ्टवेअरने ती होते, आणि अलीकडच्या विंडोजमध्ये त्या फाइलवर दोनदा क्लिक केले की प्रत्यक्ष डिस्क घातल्यासारखी ती उघडते. यानंतर मूळ डिस्कला हात लावण्याची गरज उरत नाही आणि पुढे काही चुकले तरी नक्कल शाबूत राहते.

मग या नकलेतून व्हिडिओ बाहेर काढायचा. व्हीओबीचे नाव बदलून ‘एमपीजी’ करावे, असा सल्ला पुष्कळ जण देतात. तो अगदीच चूक नाही, पण अर्धवट आहे. डीव्हीडीवर सलग सोहळा एकेका जीबीच्या तुकड्यांत विभागलेला असतो आणि तुकडा कुठे पडेल याला धरबंध नसतो. मंगलाष्टकांच्या ऐन मध्यावरही पडू शकतो. असे सुटे तुकडे नाव बदलून वापरले की कधी एकूण वेळ भलतीच दिसते, तर कधी आवाज चित्राच्या पुढेमागे सरकतो. डीव्हीडीसाठी मोफत असलेले ‘मेकएमकेव्ही’ हे सॉफ्टवेअर हे तुकडे क्रमाने सांधून, काहीही पुन्हा न आटवता, एका एमकेव्ही फाइलमध्ये भरून देते. त्यात एक खाचखळगा आहे. दोन मिनिटांपेक्षा लहान भाग ते आपणहून वगळते, त्यामुळे स्टुडिओने फोटोंची किंवा आशीर्वादांची छोटी चित्रफीत वेगळी ठेवली असेल तर ती मर्यादा सेटिंगमध्ये कमी करावी लागते.

व्हीसीडीची गोष्ट निराळी आहे. तिच्यावर चित्राला जास्त जागा मिळावी म्हणून चुका दुरुस्त करणारी जादा माहिती कमी ठेवलेली असते, आणि त्यामुळेच साधा ओरखडाही कॉपी मध्येच थांबवतो. तिची नेहमीची आयएसओ नक्कलही नीट होत नाही, ‘बिन’ आणि ‘क्यू’ या जोडफाइलींची नक्कल करावी लागते. डिस्क चांगल्या स्थितीत असेल, तर डॅट फाइल कॉपी करून व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडून पाहावी. बहुतेक वेळा ती सरळ चालते.

हवा तेवढाच तुकडा कापता येत नाही का?

येतो, पण अगदी हव्या त्या क्षणी नाही. जागा वाचवण्यासाठी एमपेग-२ मध्ये प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसते. एक चित्र पूर्ण, आणि पुढच्या दहा-बारा चित्रांत फक्त ‘आधीच्यापेक्षा काय बदलले’ एवढीच नोंद, अशी साखळी असते. सेकंदाला २५ चित्रे असल्याने साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र येते. पुन्हा न आटवता कापायचे तर सुरुवात पूर्ण चित्रावरच करावी लागते. ‘लॉसलेसकट’ हे मोफत सॉफ्टवेअर असेच कापते. आजोबा अक्षता टाकतात तो क्षण हवा असेल, तर त्याच्या आधीचे आणि नंतरचे चार-पाच सेकंद जास्त घेऊन तुकडा काढावा आणि काटेकोर कापणी एडिटिंगमध्ये करावी.

तीन तासांच्या सोहळ्यातून असे पंधरा-वीस तुकडे काढून प्रत्येकाला ‘सुनमुख’, ‘कन्यादान’, ‘वरात_दादा नाचतो’ अशी नावे दिली की निम्मे काम झाले. ‘क्लिप१’, ‘क्लिप२_नवीन’, ‘क्लिप२_नवीन_फायनल’ असली नावे दिली तर दुसऱ्या दिवशी आपलीच आपल्याला ओळख पटत नाही.

‘शॉटकट’सारखी मोफत एडिटिंग सॉफ्टवेअर हे तुकडे आहेत तसे घेतात. मोबाइलवरची अनेक अ‍ॅप मात्र एमपेग-२ नाकारतात, किंवा चित्र दाखवतात आणि आवाज गाळतात. अशा वेळी मध्ये एकदा रूपांतर करणे भाग पडते. ते फक्त निवडलेल्या तुकड्यांचे करावे आणि त्यात जागेची कंजुषी करू नये. ‘हँडब्रेक’ या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये दर्जाचा जो ‘आरएफ’ आकडा असतो, तो जितका लहान तितका दर्जा जास्त. मधल्या रूपांतरासाठी तो १४ ते १६ ठेवला तर फाइल फुगते, पण नुकसान डोळ्याला दिसत नाही.

त्यापेक्षा टीव्हीसमोर मोबाइल धरला तर?

हा उपाय सर्रास केला जातो. त्यात चित्र वाकडे येते, टीव्हीची चमक येते, पट्टे सरकताना दिसतात आणि खोलीतल्या पंख्याचा आवाज मंगलाष्टकांत मिसळतो. संगणकाच्या पडद्याचे रेकॉर्डिंग करणे त्याहून बरे, पण तेही दुसऱ्यांदा आटवणेच आहे. डिस्क फक्त जुन्या प्लेयरमध्येच चालत असेल आणि संगणकात काही केल्या वाचली जात नसेल, तेव्हाचा हा अखेरचा मार्ग समजावा.

डिस्क अडकते किंवा रिकामी दिसते, तेव्हा

आधी डिस्क स्वच्छ करावी. मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोल फिरवून पुसू नये, कारण गोलाकार ओरखडा सलग माहिती खातो आणि आडवा ओरखडा तिला नुसता छेदून जातो. सीडीची माहिती छापील बाजूच्या अगदी खाली असते, म्हणून व्हीसीडीवर वरून आलेला ओरखडा खालच्यापेक्षा घातक ठरतो, आणि तिच्यावर चिकटवलेले वधूवरांच्या फोटोचे स्टिकर सोलण्याचा मोह तर पूर्ण टाळावा. स्टिकरबरोबर चकाकता थरही निघून येतो. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे ती याबाबतीत जरा दणकट.

आपल्या भागात दोन शत्रू अधिक आहेत. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पावसाळ्यातली ओल आणि बुरशी, तर जत-आटपाडीकडे पत्र्याखालच्या खोलीतले ऊन. घरी लिहिलेल्या डिस्कमधली माहिती रंगाच्या एका थरात असते आणि उष्णता व उजेड या दोहोंनी तो थर उतरत जातो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीत कृष्णेचे पाणी ज्या घरांत शिरले, तिथल्या गाळाने माखलेल्या डिस्क पुष्कळांनी फेकून दिल्या. त्याची घाई करायला नको होती. पाण्याने प्लॅस्टिक लगेच बिघडत नाही, ते बिघडते कोरडा गाळ घासल्याने. अशी डिस्क आधी वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरून गाळ सुटू द्यावा, साबणाचे सौम्य पाणी चालते, आणि मग सावलीत वाळवावी. ओल्या कॅसेटपेक्षा ओली डिस्क वाचण्याची आशा कितीतरी जास्त असते.

एका ड्राइव्हला न वाचता येणारी डिस्क दुसऱ्याला वाचता येते, हे अनुभवाने सगळ्यांना माहीत आहे. म्हणून हार मानण्याआधी दोन-तीन ड्राइव्ह बदलून पाहावेत. लिनक्सवर चालणारे ‘डीडीरेस्क्यू’ नावाचे साधन आधी डिस्कचा चांगला भाग भराभर उचलते, खराब जागांची नोंद ठेवते आणि मग त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळते. एका जागी अडून बसणाऱ्या साध्या कॉपीपेक्षा ही रीत फार उपयोगी आहे. आणि डिस्कच्या मागच्या बाजूला लिहिल्याचा रंगफरक दिसतो पण संगणक तिला रिकामी म्हणतो, तेव्हा बहुधा ती ‘फायनलाइज’ केलेली नसते, म्हणजे लेखन पूर्ण झाल्याची नोंद तिच्यावर पडलेली नसते. थेट छोट्या डिस्कवर चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत हे हमखास होते. तोच कॅमेरा चालू स्थितीत मिळाला तर त्याच्यातच ती पूर्ण करता येते.

हलत्या हाताला दात का फुटतात?

संगणकावर जुना व्हिडिओ थांबवून पाहिला, की अक्षता टाकणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे आडवे दात दिसतात. स्थिर बसलेल्या भटजींना ते नसतात. हा डिस्कचा दोष नाही. जुन्या टीव्हीसाठी चित्र दोन हप्त्यांत पाठवत असत, आधी एकाआड एक ओळी आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या ओळी. तेवढ्या वेळात हात पुढे सरकलेला असतो आणि आजचा पडदा दोन्ही हप्ते एकदम दाखवतो. हे हप्ते वेगळे करून सलग चित्र बनवण्याला ‘डीइंटरलेस’ म्हणतात आणि हँडब्रेकसह बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते.

ही क्रिया एकदाच करावी, आणि चित्राचा आकार बदलण्याच्या आधी करावी, कारण आकार बदलताना दात चित्रात कायमचे मिसळून जातात. पर्याय मिळाल्यास सेकंदाला २५ ऐवजी ५० चित्रे निवडावीत. वरातीतले नाचणे आणि लेझीम त्याने मूळच्या ओघात दिसते. चित्र पुढेमागे हिसके देऊ लागले, तर हप्त्यांचा क्रम उलटा लागला आहे असे समजून ‘टॉप’ आणि ‘बॉटम’ यांची अदलाबदल करावी. मिनीडीव्हीत खालचा हप्ता आधी येत असे आणि स्टुडिओच्या घाईत हा क्रम डिस्कवर चुकीचा नोंदला जाण्याचे प्रकार घडत.

सगळे एकदम बारीक किंवा जाड का दिसतात?

७२० बाय ५७६ हा आकार सरळ घेतला तर माणसे किंचित उभट दिसतात, कारण डीव्हीडीतला ठिपका चौरस नसतो. चार-तीन प्रमाणाच्या जुन्या चित्राची खरी रुंदी ७६८ ठिपक्यांइतकी धरायची असते. उलट तेच चित्र रुंद टीव्हीवर ताणून बसवले की अख्खे वऱ्हाड फुगते. मोबाइलच्या नव्या चित्रणाबरोबर जुने तुकडे जोडायचे असतील, तर १९२० बाय १०८० च्या चौकटीत जुने चित्र १४४० बाय १०८० इतके ठेवावे आणि दोन्ही बाजूंना काळी जागा राहू द्यावी. ती जागा भरण्यासाठी तेच चित्र धूसर करून मागे लावण्याची फॅशन आहे. मला ती डोळ्यांना त्रासदायक वाटते.

‘जुन्या डीव्हीडीची एचडी करून देतो’ म्हणतात, ते खरे का?

फुल एचडी चित्रात डीव्हीडीच्या बरोबर पाचपट ठिपके असतात. डीव्हीडीतून एचडी करताना पाचांतले चार ठिपके सॉफ्टवेअरला अंदाजाने भरावे लागतात. व्हीसीडी असेल तर वीस ठिपक्यांतला जेमतेम एक मूळचा असतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी साधने हा अंदाज कडांच्या आणि कापडाच्या बाबतीत बराच चांगला करतात, पण गर्दीतल्या लहान चेहऱ्यांवर ती नवेच नाकडोळे बसवतात. आज हयात नसलेल्या आजीचा चेहरा दुसऱ्याच बाईसारखा नितळ दिसण्यापेक्षा तिचा धूसर पण खरा चेहरा बरा, असे माझे मत आहे. पैसे देऊन हे काम करून घ्यायचेच असेल, तर आधी गर्दीतला एक मिनिटाचा नमुना मागावा.

जे मुळात डिस्कवर नाही ते कोणतेही साधन परत आणत नाही. बदामाच्या चौकटीत फिरणारे वधूवर, उडत येणारे फोटो आणि मूळ आवाज पुसून वर चढवलेले सिनेमाचे गाणे हे सगळे चित्रात आणि आवाजात कायमचे मुरलेले असते. यांतली सर्वात मोठी हानी आवाजाची आहे. म्हणून तुकडे निवडताना जिथे माणसांचे बोलणे, उखाणे किंवा हसणे शिल्लक आहे, त्या जागा आधी शोधाव्यात, चित्र थोडे डावे असले तरी.

व्हिडिओ आपल्या लग्नाचा, पण मालक कोण?

स्टुडिओच्या परवानगीवाचून हे करता येते का, हा प्रश्न रास्त आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन बनवलेल्या चित्रफितीचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ती बनवून घेणारा असतो. तेव्हा घरच्या सोहळ्याच्या डिस्कबाबत चिंता नसावी. त्यात वाजणारे सिनेमाचे गाणे मात्र आपले नसते, आणि फिल्म यूट्यूबवर टाकली की त्या गाण्यावर हक्क सांगणारी सूचना येऊ शकते. घरच्या समारंभात दाखवण्यापुरती ही अडचण येत नाही.

दुकानातून विकत घेतलेल्या सिनेमाच्या डीव्हीडी हा वेगळा विषय आहे. त्यांवर सांकेतिक कुलूप असते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ प्रमाणे हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. खासगी उपयोगापुरत्या रास्त वापराला कलम ५२ मध्ये जागा आहे, पण सिनेमाचे तुकडे आपल्या फिल्ममध्ये घालून ती जगजाहीर करणे त्यात बसेल असे गृहीत धरू नये.

शेवटचे रूपांतर आणि पाठवणे

फिल्म तयार झाल्यावरचे रूपांतर हे खरे रूपांतर. एच.२६४ कोडेक, एएसी आवाज आणि एमपी४ कंटेनर ही जोडणी जवळजवळ प्रत्येक टीव्हीवर आणि मोबाइलवर चालते. या आकाराच्या जुन्या चित्रासाठी हँडब्रेककर्ते १८ ते २२ आरएफ सुचवतात; त्यातला १८ घ्यावा. फिल्ममध्ये जुने तुकडे जास्त असतील तर वेग २५ किंवा ५० चित्रांचाच ठेवावा, कारण मोबाइलच्या ३० च्या वेगाला जुने चित्र जुळवताना काही चित्रे दोनदा दाखवावी लागतात आणि हालचाल अडखळते.

कार्यालयातल्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावणार असाल, तर जुन्या फॅट३२ पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, हे आदल्या दिवशीच तपासावे. कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवताना ती व्हिडिओ म्हणून पाठवली की व्हॉट्सअ‍ॅप तिला स्वतःहून पुन्हा आटवते. जोडणीच्या खुणेतून ‘डॉक्युमेंट’ निवडून पाठवली तर २ जीबीपर्यंतची फाइल आहे तशीच पोचते, मात्र ती उघडण्याआधी पूर्ण डाउनलोड व्हावी लागते, एवढे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना आधी सांगून ठेवावे.